ठकू ओतारीण आणि ढवळीचं दार

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं झाली ते शिळवण्यात कुणी नक्की सांगत नाही. घाटात डांबर पडून थोडीच वर्षं झाली होती, एवढंच सांगतात.

त्या काळी गावात ठकू नावाची एक ओतारीण राहायची. ओतारी म्हणजे पितळ वितळवून घंटा, घुंगरं, समया ओतणारी माणसं. नवरा गेल्यावर भट्टी तिनंच चालवली. तिनं ओतलेली घंटा गळ्यात असली की बैल धुक्यातही वाट चुकत नाही, असं म्हणत. पुढं गावातले बैल कमी झाले, घंटा कुणाला लागेनात आणि भट्टीवर राखेचा थर बसला. ठकूकडं होत्या त्या घंटा ती पाटीत घालून बाजाराला न्यायची आणि बहुतेक तशाच परत आणायची. तरी तिची कुरकुर नसे. संध्याकाळी ओट्यावर बसून एकेक घंटा वाजवून बघायची, आवाज पसंत पडला की मान हलवायची, आणि मग भाकरी थापायला उठायची.

गावात गाडी एकच होती, बाळकू कोंढाळकरची पिकअप. पांढरी म्हणून गाव तिला ढवळी म्हणायचं. बाळकूनं घेतली तेव्हाच ती म्हातारी झालेली होती. दुधाचे कॅन, खताची पोती, लग्नातली नवरी, तापानं फणफणलेलं माणूस, सगळं ढवळीतूनच घाट उतरायचं. इंजिन भक्कम होतं. पण डाव्या अंगाचं दार लोंबलं होतं. दाराच्या बिजागऱ्यांतल्या पिना झिजल्या होत्या, आणि पिनेभोवती जी बारकी नळी असते, जिला बुश म्हणतात, ती तर नावालाच उरली होती. दार लावायचं तर दोन्ही हातांनी वर उचलायचं, गुडघ्यानं ढकलायचं आणि वरून सुतळीचा फास टाकायचा. शिळवण्याची माणसं परगावच्या नव्याकोऱ्या गाडीत बसली तरी दार उचलूनच लावत, असं म्हणतात.

एके दिवशी बाळकू आपल्या बहिणीला, वच्छीला, तालुक्याच्या दवाखान्यात दाखवायला निघाला. वच्छी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिचे दिवस भरत आले होते. बाजाराचा वार होता, म्हणून ठकूही पाटी मांडीवर घेऊन शेजारी बसली. वच्छीला वारा हवा होता, म्हणून ती दाराकडं.

घाटातलं मोठं वळण आलं. खड्ड्यात चाक आदळलं, सुतळी तुटली आणि दार सताड उघडलं. वच्छी कलंडली. खाली नुसती दरी. ठकूनं मांडीवरची पाटी सोडली आणि दोन्ही हातांनी वच्छीला कमरेशी धरलं. बाळकूनं गाडी थांबवेपर्यंत तिनं हात ढिला केला नाही. पाटी मात्र दरीत गेली. घंटा कातळावर आपटत, वाजत वाजत खाली गेल्या. तो आवाज पलीकडच्या डोंगरावर गुरं राखणाऱ्यांनी ऐकला आणि कुठल्या देवाची पालखी निघाली म्हणून हात जोडले, असं म्हणतात.

बाळकू गाडी वळवून गावात आला. ढवळी पारापाशी उभी केली आणि किल्ली पारावर ठेवली.

"मी आता हिला हात लावायचा नाही," तो म्हणाला.

"मग वच्छीनं जायचं कसं?" ठकूनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी बाळकू पायी घाट उतरून तालुक्याच्या गॅरेजात विचारून आला. या मॉडेलचं सामान आता कुठंच मिळत नाही, असं तिथं सांगितलं. वर सल्लाही दिला, की दार वेल्डिंगनं कायमचं बंद करून टाका, माणसं ड्रायव्हरच्या बाजूनं चढतील.

"पोटुशी बाई स्टेअरिंगखालून सरपटत जाणार होय?" ठकू म्हणाली. "बंद करू नकोस. मला बघू दे."

"मावशी, तू घंटा करतेस. हे गाडीचं काम आहे."

"घंटेच्या पोटातला लोळा कशावर हलतो? कडीवर. आणि कडी झिजली की काय होतं, ते मला ठाऊक आहे."

तिनं दाराखाली भुशाची पोती रचायला लावली, म्हणजे दार आपल्या जागी टेकून राहील. आधी वरच्या बिजागरीची पिन ठोकून बाहेर काढली. पिन मधोमध इतकी बारीक झाली होती, जशी चघळलेली दातवणाची काडी. बाळकू खालचीही काढायला निघाला तेव्हा तिनं त्याचा हात धरला.

"एका वेळी एकच. दोन्ही काढल्यास तर दार आपली जागा विसरेल."

पिना तालुक्याला लेथच्या यंत्रावर जाड सळईतून कातून आणता आल्या. अडलं ते बुशापाशी. बुश पितळेचा हवा होता, आणि ठकूचं होतं नव्हतं ते पितळ दरीत गेलं होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. ती नुसती भट्टीतली राख उपसत बसली. पण गावात गोष्ट लपते थोडीच. पहिली वच्छीची आई आली आणि चेपलेली पळी ठेवून गेली. मग कुणी फुटकं निरांजन आणलं, कुणी कुलपाचा तुकडा, कुणी मेलेल्या बैलाच्या आठवणीनं खुंटीवर ठेवलेलं घुंगरू. दोन सख्ख्या जावा कितीतरी दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या. त्या एकच पितळी तांब्या दोन बाजूंनी धरून आल्या.

ठकूनं भट्टी पेटवली. इतक्या वर्षांची थंड भट्टी पहिल्याच फुंकरीला पेटली, असं म्हणतात. तिनं नव्या पिनेवर मेण गुंडाळून बुशाचा आकार केला, वरून मातीचा लेप दिला, तापवून मेण वाहू दिलं आणि त्या पोकळीत पितळ ओतलं. घराघरांतलं पितळ एकत्र मिसळलं तेव्हा त्यातून बारीक सूर निघाला, आणि चुलीपुढं असलेल्या बायका तो ऐकायला बाहेर आल्या. ठकू ऐकत बसली होती. घामेजलेल्या कपाळावर काजळी लागली होती आणि ती हसत होती. कितीतरी वर्षांनी तिच्या हातांना हवं ते काम मिळालं होतं.

मातीचं कवच फोडलं, कानशीनं बुश आतून घासला, वरची बिजागरी बसवली, मग खालची. तोच वच्छीला कळा सुरू झाल्या. तारखेच्या आधीच. आईनं तिला धरून पारापाशी आणलं तेव्हा ठकू शेवटची पिन ठोकत होती.

"झालं का गं, ठकू?" आईनं विचारलं.

ठकूनं पिनेवर शेवटचा घाव घातला. बिजागरीवर तेलाचा एक थेंब सोडला, पोती ओढून काढायला लावली आणि वच्छीला आत बसवलं. दार जागचं हललं नाही. मग एका बोटानं तिनं ते लोटलं. दार अलगद फिरलं आणि बंद झालं, आणि बंद होताना देवळातल्या घंटेसारखा एक स्वच्छ ठोका पडला. तो गावाच्या वेशीपर्यंत ऐकू गेला, असं म्हणतात.

बाळकूनं पारावरची किल्ली उचलली. घाट उतरताना तो एकदाही डावीकडं वळून बघायला धजला नाही. वच्छीच म्हणाली, "दादा, दार गप बसलंय. तू समोर बघ."

दवाखान्यात तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप. पुढं ढवळी वर्षानुवर्षं चालली. तिचा पत्रा गंजला, इंजिन बदललं, पण त्या दारानं पुन्हा कधी मान टाकली नाही. ठकूची भट्टीही मग थंड झाली नाही. पंप, कडबाकुट्टी, गिरणी, ज्याचा बुश गेला तो तिच्या ओट्यावर येऊन बसे. ती चहा करी, ऐकून घेई आणि म्हणे, "माझ्याकडं यायची वेळच येऊ देऊ नका. वेळच्या वेळी थेंबभर तेल घालत जा." दात पडेपर्यंत ती हेच सांगत राहिली, आणि सुखानं म्हातारी झाली.

आजही शिळवण्यात खंडेनवमीला विळे-कोयत्यांची पूजा होण्याआधी तेलाची वाटी घरोघर फिरते. आपल्या दाराला तेल आपण लावायचं नाही. शेजाऱ्याच्या दाराला लावायचं, आणि ज्याच्याशी अबोला असेल त्याच्या दारापासून सुरुवात करायची. फाटकं, कपाटं, ट्रॅक्टरची झाकणं, कुणाची बिजागरी सुटत नाही. त्या दिवशी गावात एकही दार वाजत नाही. आणि घाटाकडं निघालेली कुठलीही परकी गाडी पारापाशी थांबली, की कुणीतरी उठतं, तिच्या दाराच्या सांध्यावर एक थेंब सोडतं. ड्रायव्हर गोंधळून बघतो, फडकं शोधू लागतो. तेव्हा पारावरची माणसं सांगतात, "राहू द्या, पुसू नका. ठकूचा आहे."