राजांना न सुटणारं दार

"महाराज, तिसऱ्या विहिरीत मगर आहे बरं का, तिला आधी वांगं द्या!" दाढी करता करता गोंदाजी न्हावी बोलून गेला आणि दौलतराजे फेसासकट ताडकन उठले.

"अरे मेल्या! कालपासून मी त्या विहिरीपाशी अडलोय! मला माझ्या डोक्याने सोडवायचं होतं!"

करवंदगडच्या दौलतराजांना नाद एकच, गेमचा. (हो, करवंदगडात हत्ती होते, तोफा होत्या आणि कॉम्प्युटरही होते. गोष्ट माझी आहे, काय असावं ते मी ठरवणार!) चित्रावर माउसने टिचक्या मारत फिरायचं, दिसेल ते झोळीत टाकायचं आणि कुठली वस्तू कुठे लागू पडते ते डोकं खाजवत शोधायचं, असे ते गेम. ते बनवायची तांबटआळीतली म्हाळसा. चित्रं तिची, कोडी तिची, ठोकाठोकीचे आवाज बापाच्या दुकानातले! गेम तयार झाला की बाजाराच्या दिवशी येईल त्याच्या पेनड्राइव्हवर फुकट भरून द्यायची. त्यामुळे राजेसाहेबांची आंघोळ उरकेपर्यंत अख्ख्या गडाचा खेळून झालेला असायचा. मग आचारी वाढता वाढता खुणा करणार, माहूत हत्तीवरून ओरडून सांगणार! राजे अगदी रडकुंडीला आले आणि त्यांनी म्हाळसाला दरबारात बोलावलं.

"आजपासून तुझा गेम फक्त मला! बाजारात वाटलास तर कॉम्प्युटर जप्त!"

लोक खेळताना हसतात, चिडतात, एकमेकांशी भांडतात, ते बघायला मिळावं म्हणून तर म्हाळसा एवढी खपायची. ते गेलं तर राहिलं काय? पण जीभ काही गप्प बसेना.

"महाराज, एकाच माणसासाठी गेम करायचा म्हणजे लग्नाचा स्वयंपाक करून एकट्या नवरदेवाला वाढायचा!"

दरबार फिस्सकन हसला. राजे आणखी भडकले.

"फार बोलतेस पोरी! मग असा गेम करून दाखव, जो साऱ्या गावाला सुटेल, सारं गाव मला खुणा देईल, आणि तरीही मला सुटणार नाही! सरळ उत्तर कुणी सांगायचं नाही, खुणा मात्र हव्या तेवढ्या. नाही जमलं तर वाटणं कायमचं बंद!"

दिवाण नारोपंतांनी कपाळाला हात लावला. "हे कसं व्हायचं? गावाला सुटतं ते महाराजांना सुटणार नाही होय?"

म्हाळसाने राजांना मुंडाशापासून मोजड्यांपर्यंत न्याहाळलं आणि ती गालातल्या गालात हसली. "जमलं, महाराज. पुढच्या बाजारी घेऊन येते."

बाजार भरला. गेम आधी गावात वाटला गेला. ज्याने त्याने उघडला, सोडवला आणि खो खो हसत वाड्याकडे धूम ठोकली. राजे कसे खेळतात ते बघायला दरबारात मुंगी शिरायला जागा उरली नाही.

गेममध्ये चित्र एकच. एक घर, बंद दार, दाराला लोखंडी कडी. अंगणात मुंडासं घातलेला एक राजा, एक म्हैस, एक शिडी, तेलाचा बुधला आणि एक नगारा. खाली चार बटणं: बघा, उचला, ओढा, वाजवा. घरात शिरलं की जिंकलं!

"एवढंच?" राजांनी बाह्या सरसावल्या. "हे तर चुटकीसरशी!"

कडी ओढली. दार ढिम्म! बिजागऱ्यांना तेल घातलं. दार हललं नाही, वर घसरून पडले ते राजेच. शिडी लावून कौलांवर चढले, ते थेट म्हशीच्या गव्हाणीत आले. म्हैस दारावर सोडली, तर ती उंबऱ्याशी फतकल मारून बसली आणि रवंथ करू लागली!

"खुणा द्या रे, खुणा!" राजे स्वतःच ओरडले.

"महाराज, कुणाच्या दारात गेल्यावर आपण करतो ना, तेच करा!" गोंदाजी म्हणाला.

"मी कुणाच्या दारात गेलो की नगारा वाजतो!"

राजांनी नगारा वाजवला. म्हैस बिथरली, शिडी मोडली, दार मात्र बंदच!

"अहो, आतल्या माणसाला कळायला नको का?" आचारी कळवळून म्हणाला.

"नगारा बडवला की! अजून काय कळायचं राहिलं?"

"दारावर, महाराज, दारावर!" माहूत ओरडला, आणि राजांनी म्हैस पुन्हा दारावर सोडली.

लोक हसून हसून गडाबडा लोळू लागले. नारोपंतांनी तोंडात उपरण्याचा बोळा कोंबला. दिवेलागण झाली तसा राजांनी माउस आपटला. "हरलो! सांग बाई, सांग एकदाचं!"

म्हाळसा पुढे झाली. 'वाजवा'चं बटण दाबलं आणि कडीवर टिचकी मारली.

खट् खट्!

"आले गं बाई, आले!" दार उघडलं, आतून एक म्हातारी डोकावली. "अगं बया, राजे होय! मघापासून अंगणात कसला धुडगूस घालताय? कडी नाही का वाजवायची?"

राजांचे डोळे विस्फारले. "कडी वाजवली की दार उघडतं?"

"आमची उघडतात, महाराज! सारं गाव शेजारी विरजण मागायला जातं, तेव्हा कडीच वाजवतं. आपण कधी गेलात? आपण यायच्या आधीच दारं उघडी! मग गावाने कितीही खुणा दिल्या तरी आपल्याला कशा कळायच्या?"

राजांनी तिच्याकडे बघितलं, म्हशीकडे बघितलं, आणि असे काही हसत सुटले की मुंडासं घरंगळत नारोपंतांच्या मांडीवर जाऊन पडलं!

"वाट पोरी, गावभर वाट! माझा मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर आजपासून तुझा. आणि बाजाराच्या दिवशी हत्तीही घेऊन जा, शेजारच्या संस्थानातही वाट! तिथल्या राजांना तरी कुठे सुटायला बसलाय!"

एवढं बोलून राजे तडक राणीसाहेबांच्या महालाकडे निघाले, मागोमाग म्हाळसा आणि सारा दरबार. चोपदार दार उघडायला धावले, तर "हात लावाल तर खबरदार!" म्हणून त्यांना बाजूला सारलं आणि स्वतःच्या हाताने कडी वाजवली. खट् खट्!

"कोण आहे?" आतून आवाज आला.

राजे गडबडले. मागे वळून हळूच म्हणाले, "म्हाळसा, आता काय बोलायचं गं?"

"विरजण मागा, महाराज!"