दारावरची पाटी

जपानच्या जुन्या राजधानीत एकदा एक मंत्रिपद रिकामे झाले. आधीचा मंत्री वारल्याचे दुःख एका दिवसात आटोपले. धावपळ मात्र महिनाभर चालली. दरबारातले दोन बडे अधिकारी म्हणजे डावा मंत्री आणि उजवा मंत्री. डाव्याला ते पद जावयासाठी हवे होते, उजव्याला धाकट्या भावासाठी. सम्राटापुढे तिसरे नाव होते नोरिमासा या तरुण सरदाराचे. तो कोणाचाच जावई नव्हता, भाऊही नव्हता. पद हुकले तर उत्तरेच्या बर्फाळ प्रांतातली सुभेदारी त्याच्यासाठी ठरलेली होती, आणि तिकडून परतलेला माणूस राजधानीने अजून पाहिला नव्हता.

नेमणुकीच्या दिवशी तो पहाटेच दरबारी पोशाख चढवून सज्ज झाला. तेवढ्यात त्याचे वृद्ध गुरू आले. एके काळी तेही मंत्री होते; आता मुंडण करून मठात राहत. त्यांनी दारावर ‘अशुभ दिन’ अशी लाकडी पाटी टांगली आणि आत येऊन बसले. अशी पाटी लागली की सूर्यास्तापर्यंत त्या घरातून कोणी बाहेर पडायचे नाही, ही तिथली रीत. ती खुद्द सम्राटही मोडत नसे.

“आचार्य, पंचांगात तर आज काहीच अशुभ नाही!”

“मला वाईट स्वप्न पडले.”

“कसले?”

“तू दरबारात बोलत होतास.”

नोरिमासा धुसफुसत राहिला. “आता बर्फ उपसायला तुम्हीच चला माझ्याबरोबर,” तो म्हणाला. गुरू भात जेवून झोपले.

सूर्यास्ताला पाटी उतरली आणि राजवाड्याचा निरोप आला : मंत्रिपद नोरिमासाला.

“हे झाले कसे?”

गुरू म्हणाले, “डाव्याने उजव्याच्या भावाचे दोष सांगितले असतील, उजव्याने डाव्याच्या जावयाचे. दोघेही खरेच बोलले असणार, म्हणून दोन्ही नावे बाद झाली. मग प्रत्येकाला एवढेच हवे होते, की दुसऱ्याचा माणूस नको. तू तिथे असतास तर दुपारपर्यंत दोघांपैकी एकाचा शत्रू झाला असतास. जो तिथे नव्हता, त्याने कोणालाच दुखावले नव्हते.”

सोसायटीच्या सभेला न आलेल्या गृहस्थाला आपण सेक्रेटरी करतो, ते याच न्यायाने.

“म्हणजे मी लायक होतो म्हणून नव्हे?”

“ते आता कळेल. उद्यापासून तुला रोज हजर राहायचे आहे.”

दुसऱ्या दिवशी नवा मंत्री दरबारात बसला. डावा मंत्री बोलत होता, उजवा त्याला मध्येच तोडत होता. नोरिमासाने दोघांकडेही पाहिले नाही. आज कोणाकोणाची आसने रिकामी आहेत, ते तो पाहत होता.