डोंगरशेवंतीचं बी

डोंगरउतारावर माणसानं पहिल्यांदाच नांगर घातला, तेव्हाची ही गोष्ट. कड्यालगतच्या वावरात त्यानं डोंगरशेवंती लावली. पांढरीशुभ्र फुलं आली, पण बी काही भरेना.

कड्यावरच्या पोळ्यातल्या थोरल्या मधमाशीला शेवंतीनं हाक मारली. "मावशी, बी भरलं नाही तर धनी मला उपटून फेकील गं!"

थोरलीचा जीव कळवळला. खाली वालाचं शेत फुललं होतं, मध तिथं मुबलक होता. तरी ती लेकीबाळींना घेऊन शेवंतीवरच राबली. पंख झिजले, पण एकेका फुलात बी टच्च भरलं. धनी खूश झाला. त्यानं फुलं खुडली, वाळवली, कुटून त्यांची पूड केली आणि कीड मरावी म्हणून वालावर उधळली.

दमलेल्या माश्या आता कुठे वालावर उतरल्या होत्या. उतरल्या त्या तिथंच उताण्या पडल्या.

थोरली कशीबशी शेवंतीपाशी आली. "तुझ्या फुलांत विष होतं?"

"बियांत होतं," शेवंती खाली बघत म्हणाली.

"आणि तुला ठाऊक होतं?"

"मग मी काय करायचं होतं, मावशी? मरायचं होतं?"

हे ऐकायला थोरली उरलीच नव्हती.

पुढच्या बहराला पलीकडच्या डोंगरावरची एक कोवळी मधमाशी तिथं घिरट्या घालू लागली. शेवंतीनं आवाज मऊ केला.

"ये गं पोरी. माझं एवढं बी भरेना बघ."