तीनदा चुकलेला हात

"कायमचं बंद म्हणजे किती कायमचं रे?" अच्युतबाबांनी विचारलं.

"कायमचं म्हणजे कायमचं, बाबा. पासवर्ड तीनदा चुकला, की तो इंटरनेटचा पत्ता हद्दपार. पुन्हा दारात उभं राहायचं नाही."

मठातल्या जुन्या पोथ्या आणि बाबा लिहीत असलेलं ओवीबद्ध भाष्य, सारं दूर शहरातल्या एका सर्व्हरवर होतं. कुठली कुठली यंत्रं दिवसभर पासवर्डचे अंदाज लावत तिथं शिरू पाहत. बाबांचा तरुण शिष्य शार्दूल यानं आदल्या दिवशी हा नियम बसवला होता आणि सकाळपासून तो स्वतःवर बेहद्द खूश होता.

"शेकडो हाकलले, बाबा!"

"छान केलंस. मग मला का येऊ देत नाही?"

"तुम्ही... तीनदा चुकलात?"

बाबांनी उजवा हात पुढे केला. बोटं थरथरत होती.

"ही चुकली. एक ओवी अर्धीच राहिलीय बघ."

शार्दूल आपल्या संगणकाकडे धावला. त्यालाही दार बंद. मठाचं इंटरनेट एकच, म्हणून सर्व्हरला दिसणारा पत्ताही एकच. बाबांबरोबर अख्खा मठ हद्दपार झाला होता.

"आणि ते चोर?"

"ते... दर वेळी नवा पत्ता घेऊन येतात."

"म्हणजे बाहेर आपणच!" बाबा खुदकन हसले. त्यांनी आपला फोन त्याच्या हातात दिला. "याचं इंटरनेट वेगळं ना? जा, परका होऊन ये."

शार्दूल फोनच्या इंटरनेटवरून आत शिरला. मठावरची बंदी उठवली. मग खाली मान घालून म्हणाला, "तीनऐवजी दहा करू?"

"दहाव्यांदा हा थरथरणार नाही?"

"नियमच काढला, तर ते शिरतील, बाबा. काय करू?"

बाबांनी थरथरता हात त्याच्या तळहातावर ठेवला.

शार्दूल तो हात धरून बसून राहिला...

मग उठला. बाबांच्या संगणकात त्यानं एक डिजिटल किल्ली बसवली. आता संगणकच सर्व्हरला ओळख पटवणार होता; बाबांना पासवर्ड टाइप करायचाच नव्हता. आपल्यासाठीही तशीच केली, आणि पासवर्डचं दार सगळ्यांनाच बंद करून टाकलं.

बाबांनी ओवी पुरी केली.

शार्दूल पडद्याकडे बघत होता. "ते अजून अंदाज लावतायत, बाबा. आता बरोबर शब्द सापडला, तरी उघडायचं नाही."

बाबांनी सावकाश चष्मा पुसला.

"अरेरे... त्यांचा हात धरायला कुणी नाही वाटतं."