धुनीपासून चाळीस पावलं

“आणि ब्रशचा दांडा कुठं गेला?” धुंडीनाथबाबांनी विचारलं.

वल्लरीनं तो करवतीनं कापला होता. तेवढेच सहा ग्रॅम वाचले. हे ती मोठ्या ऐटीत सांगायला गेली, पण नेमकं तेव्हाच धुनीतलं लाकूड फटकन् उडालं. ती दचकली आणि आवाज चिरकला.

बाबांनी बोटभर उरलेला ब्रश उलटसुलट करून पाहिला आणि जागेवर ठेवून दिला.

मठीच्या ओट्यावर तिचं सगळं सामान मांडलेलं होतं. पिसांची स्लीपिंग बॅग, ओंजळीत मावेल एवढी. डोक्यावर ताणायचं पातळ कापड. अंगाखाली अंथरायची कॅरी मॅट, कापून खांद्यापासून कमरेपर्यंतच ठेवलेली. कपड्यांची लेबलंसुद्धा तिनं उसवून टाकली होती. सॅकसकट सगळं मिळून तीन किलो आठशे ग्रॅम.

एवढ्यावर तिला सह्याद्रीच्या धारेनं सोळा दिवस चालायचं होतं. पौषात. एकटीनं.

सहा महिने तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. कॉलेज संपलं, निकाल लागला, नोकरीचं पत्र आलं, तरी तिच्या टेबलावर वजनकाटा तो वजनकाटाच. आणि आईनं एकच अट घातली होती. धुंडीनाथबाबा हो म्हणाले तर जा, नाही म्हणाले तर पुन्हा विषय काढायचा नाही.

आईच्या माहेरचं सगळं गाव बाबांना मानायचं. तरुणपणी बारा वर्षं ते हिमालयात एका घोंगडीवर फिरले होते. आता या पठारावर धुनी लावून बसलेले असत. थंडीत डोंगरात जाणारी पोरं आधी त्यांच्या पाया पडून जात.

म्हणून वल्लरी आज चढून आली होती. चार तासांची चढण, उत्साहाच्या भरात, अडीच तासांत. पाठ घामानं चिंब.

“थंडीचं काय?” बाबांनी विचारलं.

तिनं बॅग पुढं सरकवली. पाचशे दहा ग्रॅम. शून्याच्या खाली पाच अंशांपर्यंत ऊब देते, ती म्हणाली.

“ही देते?”

“हो.”

बाबा उठले. शेजारच्या झऱ्यातला नारळाएवढा दगड त्यांनी आणला, धोतराला पुसला, बॅगेत सरकवला आणि चेन वरपर्यंत ओढली. तिच्या तर काळजात चर्र झालं. एवढी महागाची बॅग.

“राहू दे. जेवताना बघू.”

उन्हं उतरली. खालच्या पाड्यावरून जमनाबाई भाकऱ्या आणि तूप घेऊन आल्या. त्या रोज यायच्या आणि बाबांना रोज काहीतरी ऐकवायच्या. आज त्यांना नवं गिऱ्हाईक मिळालं. आधी त्यांनी वल्लरीच्या पाठीला हात लावला आणि ओला शर्ट बदलायला सांगितलं. दुसरा आणलाच नाही म्हटल्यावर त्या बाबांकडे वळून म्हणाल्या, शिकलेली दिसतीय.

बाबांनी बॅग उघडली. “हात लाव.”

वल्लरीनं दगडाला हात लावला. झऱ्यात होता तितकाच गार.

ती हसली. हे काही खरं नाही बाबा, ती म्हणाली. “दगडाला कुठून ऊब येणार? तो जिवंत थोडाच आहे. त्यानं काही खाल्लेलं नाही, पिलेलं नाही...”

बाबांनी भाकरीची थाळी तिच्यापुढं सारली.

“मग तू जेव.”

पण रात्रीचं जेवण यादीत ठरलेलं होतं. नव्वद ग्रॅम चिक्की. सोळा दिवस जे खायचं तेच आज खायचं, नाहीतर परीक्षा कसली? तिनं हात जोडले आणि थाळी परत सारली.

बाबांनी आग्रह केला नाही. एवढंच म्हणाले, आज बाहेर झोप. तुझ्या सामानात. उजाडलं की सांगतो.

वल्लरीला नाचावंसं वाटलं. म्हणजे रात्र काढली की झालं. एक रात्र. तिनं वारा लागू नये म्हणून मठीपासून चाळीस पावलांवरचा खळगा निवडला आणि कापड ताणलं.

जमनाबाई पाड्याकडे उतरता उतरता थांबल्या.

“तिथं आमची म्हैस बी बसत नाय.”

का, ते वल्लरीनं विचारलं नाही. ती चांदण्या बघत बसली होती. इतक्या चांदण्या तिनं जन्मात पाहिल्या नव्हत्या. पाठीवरचा शर्ट हळूहळू बर्फ होत होता. पुष्कळ वेळानं ती बॅगेत शिरली तेव्हा तिचे पाय आधीच बधिर झालेले होते.

बॅग उबदार होईल म्हणून तिनं वाट पाहिली.

ती झाली नाही.

खळग्यात चहूकडून गारठा उतरून साचत होता, विहिरीत पाणी साचावं तसा. कमरेखाली मॅट नव्हती. जमीन पायांतून वर वर चढत आली. वरून पिसं होती, पण अंगाखाली ती दबून कागदासारखी झाली होती. चिक्की कधीच जिरून गेली. दात वाजू लागले, मग खांदे, मग सगळं अंग.

मठीचं दार उघडं होतं. आतली धुनी तिला पडल्यापडल्या दिसत होती.

उठायचं नाही, ती स्वतःला म्हणाली. उठलं की संपलं. आईचा चेहरा आठवला, मैत्रिणींचे मेसेज आठवले, तो वजनकाटा आठवला. चाळीस पावलं, पण ती चाललीस की सोळा दिवस गेले.

कोल्हा ओरडला, ती दचकली. कापड फडफडलं, ती दचकली. लहानपणापासून घरात तिच्या दचकण्यावर हसत. फोन वाजला तरी वलूच्या हातातला कप पडतो, म्हणत.

मग केव्हातरी बरं वाटू लागलं.

अंग थरथरायचं थांबलं. छान गुंगी आली. आता जमलं, तिला वाटलं. आता डोळे मिटले की सकाळच...

आणि ती दचकली.

या वेळी कसलाच आवाज झाला नव्हता. थरथर थांबली, ऊब तर आलेली नाही. थंडीनं माणूस मरतं ते असंच गुंगीत, हे तिनं कुठंतरी वाचलं होतं. ती धडपडून उठली. बोटं चेनीवर वळेनात. दातांनी चेन ओढली. बॅग खांद्यावर घेऊन ती चालू लागली, रडत, अडखळत, पावलं मोजत. मोजणं काही सुटलं नव्हतं.

बाबा जागेच होते. त्यांनी धुनीजवळची स्वतःची जागा सोडली, खाली वाळल्या गवताचा हातभर थर होता, त्यावर तिला बसवलं. ओला शर्ट काढायला सांगून पाठमोरे झाले. आपली घोंगडी मागं न बघताच तिच्याकडे फेकली. गुळाचा चहा दिला. मग ती संध्याकाळची थाळी.

वल्लरीनं तीन भाकऱ्या खाल्ल्या. तूप कोपरापर्यंत ओघळलं. रडू थांबत नव्हतं आणि भूकही.

हळूहळू आतून काहीतरी पेटल्यासारखं झालं. बोटांत मुंग्या आल्या. कान गरम झाले. ती गवतावर आडवी झाली आणि अंगावर पुन्हा तीच पाचशे दहा ग्रॅमची बॅग ओढली. थोड्याच वेळात तिला चेन उघडावी लागली, इतकं उकडलं.

ती अंधारात एकटीच हसली.

उजाडलं. बाहेर गवतावर दव गोठून पांढरं झालं होतं. वल्लरीनं खळग्यातलं कापड सोडवलं, तर ते पापडासारखं कडकड वाजलं. तिनं ते झटकलं, सगळं सामान सॅकमध्ये भरलं आणि बाबांच्या पाया पडायला आली. ओरडून रडावं की हसावं, तिला कळत नव्हतं. थंडीचं कोडं तर सुटलं होतं. खाऊन झोपायचं, कोरडं झोपायचं, अंगाखाली जास्त घ्यायचं, खळग्यात जायचं नाही. सगळं आता कळलं होतं आणि आता जायला मिळणार नव्हतं.

“कुठं निघालीस?” बाबांनी विचारलं.

“घरी.”

“घरची वाट कुठली?”

तिनं पाड्याकडे उतरणारी पायवाट दाखवली.

बाबांनी धुनीतला चिमटा उचलला आणि उलट्या बाजूला रोखला. तिकडे डोंगराची धार कोवळ्या उन्हात दूरपर्यंत एकामागून एक उजळत चालली होती.

वल्लरी बघत राहिली. रात्र पुरी झाली नाही हे त्यांच्या लक्षात आलं नसावं, असं तिला वाटलं. फसवून तर जायचं नव्हतं.

“बाबा, मी रात्र काढली नाही. मी आत आले...”

“पाहिलं मी.”

“मग...?”

बाबांनी चिमट्यानं धुनीतली राख सारखी केली.

तिला राहवेना. या पठारावर कुणी पुरती रात्र बाहेर काढलीय का कधी, तिनं विचारलं. उजाडेपर्यंत, एकदाही आत न येता?

“दोघांनी.”

“त्यांना काय म्हणालात?”

“घरी जा.”