बारा एकरांचा काना

"आणि तुझी बायको रे? ती नाही खेळायची?"

"ती नुसती बसते हो, मोघेबाई. तिची भाषा अजून बसायचीय."

दोघं हसली. फार नाही, थोडंसंच. माणूस चांगला असतो आणि बोलून जातो, तेव्हाचं हसू.

कांचन दाराआड नळावर पाटीचं फडकं भिजवत होती. तिने ते दोनदा पिळलं. पाणी पहिल्याच पिळण्यात निघून गेलं होतं.

मग ती आत आली आणि रोजच्या जागी बसली.

वाईला घाटामागच्या आळीत एक छोटं वाचनालय होतं. तिथे दिनूतात्या रोज सकाळी, वर्तमानपत्रं वाचून झाली की, एक शब्द मनात धरत. पाटीवर त्याच्या अक्षरांएवढी घरं आखत. बाकीच्यांनी मिळून सहा खेपांत तो ओळखायचा. अक्षर बरोबर जागी पडलं तर खाली टिंब. अक्षर शब्दात आहे, पण जागा किंवा काना-मात्रा वेगळी, तर रेघ. नसलंच तर फुली. ओळखणाऱ्याने शब्द वाक्यात बोलून दाखवायचा, नाहीतर डाव बाद.

हल्ली असला खेळ फोनवरही मिळतो. पण फोन चुकलेल्याकडे चष्म्याच्या वरून बघत नाही.

तात्यांनी एका छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली होती. गावातली निम्मी माणसं त्यांच्याकडे शुद्धलेखन शिकली होती. त्यात कांचनचा नवरा श्रीरंग पहिला. तो कॉलेजात गणित शिकवायचा आणि खेळही गणितानेच खेळायचा. कुठलं अक्षर मराठीत किती वेळा येतं याचा तक्ता त्याने केला होता. एकोणसत्तर दिवस त्यांचा डाव एकदाही बुडाला नव्हता, हे तो रस्त्यात भेटेल त्याला सांगायचा.

"पहिला शब्द नेहमी 'नकार'," तो म्हणायचा. "तीन अक्षरं, तिन्ही भरपूर चालणारी. आणि एका शब्दात तेच अक्षर दोनदा घ्यायचं नाही. एक घर फुकट जातं."

"मी बाई घरभर फिरते मनात," मोघेबाई म्हणायच्या. त्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. "फडताळ, परात, उंबरा... काहीतरी सापडतंच."

कांचनला कुणी विचारलं नव्हतं. तिची रीत तिच्यापाशी. ती शब्द ओळखायला जायचीच नाही. ती तात्यांना ओळखायची. काल बोलता बोलता ते कुठे थांबले, आज घरं आखताना हात कुठे रेंगाळला... मग शब्द आपोआप पुढे येऊन उभा राहायचा. ती तो बोटाने गुडघ्यावर लिहायची आणि पदराने झाकायची.

लग्नाला तीन महिने झाले होते. गेल्या पंधरा दिवसांत तिचा गुडघा अकरा वेळा बरोबर निघाला होता. याचा तक्ता तिने केला नव्हता. पण आकडा पाठ होता.

त्या दिवशी तात्यांनी तीन घरं आखली. तिसरं आखताना खडू मोडला.

"नकार," श्रीरंग म्हणाला.

फुली, फुली, टिंब.

"सावर," मोघेबाई म्हणाल्या. "घसरलास तर सावर, त्यातला."

फुली, टिंब, टिंब.

"झालं!" श्रीरंगने मांडीवर थाप मारली. "दुसऱ्या खेपेला दोन घरं! आवर."

पहिल्या घराखाली फुली.

"गोवर," मोघेबाई म्हणाल्या. "मला लहानपणी दोनदा आला होता."

फुली.

"पॉवर असेल का रे?"

"तात्या पॉवर ठेवतील होय? जोवर!"

फुली.

पाच खेपा गेल्या होत्या. श्रीरंग तक्त्यावरून बोट फिरवत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

कांचनच्या गुडघ्यावर तो शब्द तिसऱ्या खेपेपासून होता.

तात्यांनी खडू पुढे केला. श्रीरंगने हात लांबवला. खडू त्याच्या हाताला वळसा घालून पुढे गेला आणि कांचनसमोर थांबला.

"तात्या, शेवटची खेप आहे," श्रीरंग म्हणाला. "एकोणसत्तर दिवस..."

"म्हणून तर."

कांचनने पदर सारखा केला. उठली. पहिल्या घरात लिहिलं, 'वा'. दुसऱ्यात 'व'. तिसऱ्यात 'र'.

तात्यांनी तीन टिंबं दिली.

"वावर!" मोघेबाई ओरडल्या. "अगं बाई! आणि आम्ही गोवर काढत बसलो!"

"एकच अक्षर दोनदा," श्रीरंग पुटपुटला. मग त्याला हसू फुटलं. "असू दे! सत्तर झाले! वाक्य बोल पटकन. घरात मांजरांचा वावर वाढला, असं म्हण."

वाक्य चांगलं होतं. बिनधोक होतं. कुणीच हसलं नसतं.

कांचनने खडू मुठीत घट्ट धरला.

माहेर तिचं मेहकरजवळचं. तिथली बोली तिने लग्नाच्या ट्रंकेत सगळ्यात तळाशी ठेवली होती, जाड गोधडीसारखी. इकडे लागणार नाही म्हणून. तीन महिन्यांत तिने तोंडातून एकही शब्द तपासल्याशिवाय सोडला नव्हता.

"बोल ना," श्रीरंग म्हणाला. "डाव बाद होईल."

कांचन बोलली, "माही माय सकाळीच वावरात गेली."

"वावरात?" मोघेबाई हसल्या. त्यांच्यातली मास्तरीण जागी झाली. "वावरत म्हणायचंय का तुला? 'र'ला काना नाही ग. वावरत गेली."

"तेही बसत नाही," श्रीरंग हळू आवाजात म्हणाला. मान खाली होती. "तात्या, जाऊ द्या. बाद धरा. तिला अजून..."

"काना आहे."

तात्यांचा आवाज इतका बारीक कधी झाला नव्हता.

"वावर म्हणजे शेत," ते म्हणाले. "तिकडे शेताला वावर म्हणतात. मला हे ठाऊक आहे. कसं ठाऊक झालं, ते कधी कुणाला सांगितलं नाही."

त्यांनी चष्मा काढला.

"तिकडच्याच एका लेखकाची कादंबरी तपासायला आली होती. पहिलंच वाक्य, 'बाप पहाटेच वावरात गेला.' मी काना उडवला. वावरत गेला, असं केलं. हजार प्रती छापल्या."

"मग?" मोघेबाईंनी विचारलं.

"मग तो वाशीमहून बसने आला."

"भांडला?"

"नाही. पुस्तक उघडलं, ओळीवर बोट ठेवलं. म्हणाला, तुमचा एक काना गेला, आमचे बारा एकर गेले."

घाटावर कुणीतरी कपडे आपटत होतं.

"मी काय म्हणालो माहितीय?" तात्यांनी चष्मा धोतराच्या सोग्याने पुसला. "म्हणालो, हा शब्द आमच्यात बसत नाही."

श्रीरंगने वर पाहिलं. मग कांचनकडे पाहिलं. मग दाराकडे, जिथे नळ होता. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटलं. पाटीवर ओल्या फडक्याखालचं अक्षर वाळल्यावर उमटतं, तसं.

"तू नळावर होतीस..." तो म्हणाला.

कांचनची मान ताठ होती. ती तिने मुद्दाम ताठ केली नव्हती.

तात्या उठले. गुडघे कुरकुरले. पाटी त्यांनी कांचनच्या हातात दिली आणि स्वतः सतरंजीवर श्रीरंगच्या शेजारी येऊन बसले. खेळ सुरू झाल्यापासून बावीस वर्षांत ते त्या सतरंजीवर कधी बसले नव्हते.

"तात्या, हे काय?" श्रीरंग गडबडला. "ती शब्द घालणार? मला शिकवणार?"

"तुला नाही. आपल्याला." तात्यांनी मांडी घातली. "सरक थोडा."

श्रीरंग सरकला.

कांचन तात्यांच्या जागेवर बसली. तिथून तिघंही दिसत होती, आणि तिघंही तिच्याकडेच बघत होती. तिने पाटी पुसली. घरं आखली.

दोन.

"दोनच?" श्रीरंगला राहवलं नाही. त्याने तक्ता उलटा केला. "अगं, दोन अक्षरी म्हणजे काहीच नाही. तीन खेपांत काढतो. काय तात्या?"

तात्या तिच्या तोंडाकडे बघत होते.

कांचनने खडूचा हात पदराला पुसला.

"दोनच अक्षरं हायेत," ती म्हणाली. "पन सहा खेपा पुरनार नाही तुमाले."