डावीकडचं फूल

"पडलेलं फूल परत लावलं तर चालतं का, माई?"

दिगंबरनं वाटेवरूनच विचारलं. त्याला धाप लागली होती, आणि पायांतल्या चपला काढायचं भान नव्हतं.

जानकीमाई झऱ्याच्या काठी तांब्या घासत बसल्या होत्या. मठ म्हणजे काय, तर सड्याच्या, म्हणजे कातळाच्या माळाच्या, उतारावरची एक खोली, पुढ्यात झरा, आणि झऱ्यावर वाकलेलं ओवळीचं जुनं झाड. बकुळीला तिकडे ओवळ म्हणतात.

"कुठलं फूल?"

"गौरीपुढचं. डावीकडचं."

"आधी चपला काढ."

त्यानं चपला काढल्या. मग एखादी उलटी तर पडली नाही ना, हे वळून पाहिलं. माईंनी ते पाहिलं.

"कधी पडलं?"

"आत्ता. जेवणं झाल्यावर. मी समोरच बसलो होतो, नजर हलवली नव्हती. पाणी प्यायला म्हणून मान वळवली, आणि..."

"कसलं फूल? चाफा?"

"नाही."

"पांगारा?"

दिगंबर खाली बघत राहिला.

"प्लास्टिकचं," तो म्हणाला.

माईंचा तांब्यावरचा हात थांबला.

यात थांबण्यासारखं होतंच. चैत्रात दिगंबरच्या हातची आरास बघायला बायका शेजारच्या वाड्यांतून येत. पदरचं काही न मोडता तो घर फुलवायचा. करवंटीत ओली वाळू भरून तिच्यात पांगाऱ्याची फांदी उभी करायची, केळीच्या खोडाच्या सोपात कुड्याची पांढरी फुलं खोवायची, झावळी विणून तिच्यावर आंब्याचा कोवळा डहाळा ठेवायचा. बाजारातली फुलं आणणाऱ्यांना तो तोंडावर हसायचा. गावात त्याचं नाव होतं, आणि ते आहे हे त्याला चांगलं ठाऊक होतं. माईंकडे आपण शिकायला जातो असं तो सांगे. खरं म्हणजे बऱ्याच वेळा तो शिकवायलाच यायचा.

"यंदा प्लास्टिक कसं रे?"

"खरी पडतात म्हणून."

"आणि हे?"

"तारेनं बांधलं होतं, माई. पक्कं. तरी पडलं."

माई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

त्या भागात देवळात कौल लावतात. गुरव देवाच्या अंगाला उजवीकडे आणि डावीकडे ओली फुलं चिकटवतो, देवापुढे प्रश्न मांडतो, आणि सगळे श्वास धरून बसतात. उजवं पडलं तर होकार. डावं पडलं तर नकार, आणि त्यापुढे कुणी जात नाही. दिगंबर लहानपणापासून हे बघत आला होता.

गेल्या चैत्रात हळदीकुंकवाच्या दिवशी त्याच्या घरात गौरीच्या डाव्या अंगाचा चाफा गळून पडला. बायका डाळ आणि पन्हं घेण्यात गुंतल्या होत्या, कुणाचं लक्ष नव्हतं. दिगंबरचं होतं. तिन्हीसांजेला त्याच्या बायकोच्या, वृंदाच्या, पोटात दुखू लागलं. तिला सातवा महिना होता. तालुक्याच्या दवाखान्यातून नवराबायको परत आली, ती दोघंच आली.

यंदा पुन्हा चैत्र होता, आणि वृंदाला पुन्हा सातवा होता. डॉक्टरांनी तिला खाटेवरून उठू नको म्हणून बजावलं होतं.

"गेल्या वर्षी तू गौरीला काही विचारलं होतंस?" माईंनी विचारलं.

"नाही."

"आज?"

"नाही. मी कशाला विचारीन? भीतीनं तोंड उघडत नाही माझं."

"मग कौल कसला?"

"न विचारता दिला, माई. दोन्ही वेळा डावा."

"डावा कुणाचा?"

"म्हणजे?"

"तू गौरीच्या समोर बसतोस. तुझी डावी ती तिची उजवी. तू धरलीस ती डावी कुणाची?"

दिगंबरनं हात पुढे केले. एकदा आपल्या अंगानं, मग उलट वळून, त्यानं दोन्हीकडे बोटं दाखवून पाहिली.

"गेल्या वर्षीचं... गौरीच्या डाव्या हाताचं. आणि आजचं माझ्या डावीकडचं. म्हणजे आज उजवा झाला?"

माई पुन्हा तांब्या घासू लागल्या.

"पण मग परवा झावळीचं टोक उजवीकडे कलंडलं, ते मी चांगलं धरलं होतं. ते डावं झालं. आणि सोमवारी पाकळी..."

तो मटकन खाली बसला. आतापर्यंत त्याला एकाच बाजूची भीती होती. आता दोन्ही बाजूंची झाली.

इतक्यात खालच्या वाटेवर कुणीतरी दिसलं. लाल लुगडं, भरभर चाललेली बाई. मठाकडेच येत होती.

दिगंबर उठून उभा राहिला. मठावरून त्याच्या घराची कौलं दिसत. आल्यापासून त्याची एक नजर तिकडेच होती.

"आईनं कुणाला तरी पाठवलं," तो म्हणाला. "झालं. माई, झालं बघा..."

पुढे जाऊन विचारावं एवढंही त्याला होईना. त्यानं ओवळीच्या खोडाला धरलं.

बाई वळणापर्यंत आली. डोक्यावरची पाटी सावरली, आणि काजूच्या बागेत शिरली.

झरा तेवढा वाजत होता.

"घरी कोण आहे?" माईंनी विचारलं.

"आई आहे तिच्यापाशी."

"आणि तू कुठं असतोस?"

"माजघरात. गौरीसमोर."

"दिवसभर?"

"कुणीतरी लक्ष ठेवायला नको?"

"वृंदा काय म्हणते?"

त्यानं खाली घराकडे पाहिलं.

"सकाळी आतून म्हणाली... तुम्ही फुलांकडे बघत बसता, मी आढ्याकडे बघत पडते."

"आणखी?"

"ओवळीची फुलं मागत होती. वाटीत पाणी घालून उशाशी ठेवा म्हणाली."

"ठेवलीस?"

"उशाशी?" दिगंबर जवळजवळ ओरडला. मग त्यानं आवाज खाली आणला. "माई, खरं फूल गळणार. सुकणार. तिच्या उशाशी? तिच्या डोळ्यांदेखत?"

माई उठल्या. पदराला हात पुसले.

"आत माझा कोनाडा रिकामा आहे. आलाच आहेस तर आरास करून दे."

"आज? माई, मला घरी..."

"घरी जाऊन तरी काय बघणार आहेस?"

खरं सांगायचं तर, घरी जायचं धैर्य त्याच्यापाशी नव्हतं.

त्यानं कुजकी करवंटी बाजूला टाकून चांगली निवडली. झऱ्याकाठची ओली वाळू तिच्यात दाबून भरली. कुंपणाजवळची कुड्याची फांदी आणली, आंब्याचा लालसर डहाळा आणला. फांदीची खालची पानं खुडली, देठ तिरका कापला, म्हणजे पाणी नीट चढतं. हातांना सगळं येत होतं. मागची पानं मोठी, पुढची लहान, मधे फुलांना जागा. कोनाडा बघताबघता भरला, आणि काही क्षण दिगंबरच्या चेहऱ्यावर त्याचा जुना तोरा दिसला.

मग त्यानं खिशातून दोऱ्याची गुंडी काढली.

"हे कशाला?"

"देठ बांधतो. पडायला नको."

"बांध."

तो एकेक फूल बांधू लागला. गाठीवर गाठ. एका फुलाचा देठ दोऱ्यानंच कापला गेला, आणि फूल वाळूवर पडलं. दिगंबर दचकून मागे सरला, त्याचा धक्का करवंटीला लागला, आणि सगळी आरास जमिनीवर आली.

तो तसाच उभा राहिला. ओठ हलत होते. कुठली बाजू, हे तो मोजत होता.

माईंनी फुलांकडे पाहिलंही नाही. त्या बाहेर गेल्या.

तोही मागोमाग आला. एकट्यानं त्या खोलीत थांबायची त्याला भीती वाटत होती.

बाहेर वारा सुटला होता. ओवळीची फुलं टपटप गळत होती, झऱ्यात, दगडांवर, माईंच्या पांढऱ्या केसांवर. एक दिगंबरच्या खांद्यावर पडलं. त्यानं ते किडा झटकावा तसं झटकलं.

"ओवळीच्या फुलांचे वळेसर ओवायचास तू," माई म्हणाल्या. "फुलं कुठली आणायचास?"

"इथलीच. ह्याच झाडाची."

"वर चढून तोडायचास?"

"छे. ओवळ कुणी तोडतं का? तिची पडलेलीच..."

तो बोलता बोलता थांबला.

"पडलेलीच काय?"

"...वेचायची."

वारा पडला. एखाददुसरं फूल मात्र अजून गळतच होतं.

दिगंबर कितीतरी वेळ जमिनीकडे बघत होता. मग तो एकदम माईंच्या पायांशी बसला.

"माई, मला हे सगळं कळत नाही. माझं डोकं चालत नाही आता. तुम्ही कौल लावा. एकदाच. तुमच्या हातानं. जे निघेल ते निघेल."

"निघेल ते सोसशील?"

"नाही," तो म्हणाला. "पण लावा."

माईंना हे उत्तर पटलं असावं. कारण एरवी कुणी कौल लावा म्हटलं की त्या त्याला देवळाची वाट दाखवत. आज त्यांनी खाली वाकून ओवळीची दोन फुलं उचलली, झऱ्यात बुडवली, आणि काठच्या उभ्या काळ्या दगडावर चिकटवली. एक इकडे, एक तिकडे.

"विचार."

"तुम्ही विचारा."

"बाळ तुझं आहे."

दिगंबरनं हात जोडले. तोंड उघडलं. वृंदा, एवढं बाहेर आलं. पुढचा शब्द निघेना. तो म्हटला की खरा होईल असं त्याला वाटलं. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेवढंच.

"वृंदा..."

एक फूल किंचित सरकलं. कोणतं, ते त्याला बघवलं नाही. त्यानं डोळे गच्च मिटून घेतले.

झऱ्याचा आवाज फार मोठा वाटू लागला. पाचोळ्यात काहीतरी हललं. सरडा असेल. नसेलही. गुडघ्याखालची जमीन थंड लागत होती. ह्या वेळी वृंदा आढ्याकडे बघत असेल, हे त्याला आठवलं. तीही अशीच बघत असेल. मोजत असेल. आणि तिच्या जवळ कुणी...

"डोळे उघड."

त्यानं उघडले. दगड रिकामा होता. पाण्याचे दोन ओले डाग तेवढे उरले होते, आणि तेही वाळत चालले होते.

दोन्ही फुलं माईंच्या तळहातावर होती.

"कोणतं पडलं, माई?"

माईंनी त्याचा हात ओढून उलगडला, आणि फुलं त्यात ठेवली.

"कोणतं आधी पडलं? तुम्ही बघितलंत ना. तुम्ही इथंच होतात."

"मी तुझ्याकडे बघत होते."

दिगंबर फुलांकडे बघत राहिला. दोन्ही सारखीच होती, लहान, पिवळट, कडेला किंचित काळवंडलेली. त्यांचा वास त्याच्या बोटांना लागला होता. उलटीपालटी करून त्यानं खूण शोधली. खूण नव्हती.

"माई, एवढं तरी सांगा. तिचं नीट होईल ना?"

"मला काय ठाऊक."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते की," माई म्हणाल्या. "तुझ्या आईनं निरोप धाडला, वृंदाला सातवा लागला म्हणून. तेव्हापासून वाटते आहे."

हे त्यानं अपेक्षिलं नव्हतं. माई भितात हे ऐकून, का कोण जाणे, त्याच्या पायांत थोडं बळ आलं.

खाली घराच्या कौलांवर ऊन उतरलं होतं. वाटेवर कुणी नव्हतं.

त्यानं चपला पायात सरकवल्या. ह्या वेळी वळून पाहिलं नाही. चार पावलं गेला आणि मूठ छातीशी धरून पुन्हा उभा राहिला. जुनी भीती अशी एका दुपारीत जात नाही.

"ही फुलं कुठं लावू, माई? गौरीच्या उजवीकडे... की डावीकडे?"

माईंनी तांब्या उचलला होता. त्या तो झऱ्यात बुडवत होत्या.

"वृंदाला विचार."